अरण्य आखावे नेटके

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवायला गटातल्या बाकी सगळ्यांनी नकार दिला, म्हणून तुम्ही डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, झाला आहात. सगळे डीएम असेच होतात, वाईट वाटून घेऊ नका. आता पात्रं त्यांची, फासे त्यांचे, चिवडा तुमचा आणि जगही तुम्हीच उभं करायचं.

आजवर तुम्ही डन्जन, म्हणजे तळघरं, काढली असतील. तळघर सोपं असतं. चार भिंती, एक दार, दारामागे दात असलेलं काहीतरी. खेळाडू दारातूनच येतात, कारण दुसरीकडून येताच येत नाही. पण एक दिवस ते जिना चढून वर येतात आणि म्हणतात, "आम्ही जंगलात जातो." रानाला भिंती नाहीत, दार नाही. खेळाडू कुठूनही शिरतात आणि बहुधा तुम्ही जे काढलेलं नाही नेमके तिकडेच वळतात. अशा प्रसंगी नवशिके डीएम जे जे करतात, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे. कुठली पायरी गाळायची हे ज्याचं त्याने ठरवावं.

पायरी पहिली: नकाशा उसना घ्या

यात लाजण्यासारखं काही नाही, खेळाच्या जन्मदात्यांनीही हेच केलं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला, तेव्हा डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. तिसरी तळघरांबद्दल आणि रानाबद्दल होती. पण रानात हिंडायला पट हवा, तर त्यासाठी तिने खेळाडूंना सरळ दुसऱ्या कंपनीचा खेळ वापरायला सांगितलं. तो म्हणजे अ‍ॅव्हलॉन हिलचा १९७२ सालचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल'. त्यात ना राक्षस, ना जादू. रानात वाट चुकलेला माणूस तहानभुकेने मरायच्या आत बाहेर पडतो की नाही, एवढाच प्रश्न. पट षटकोनी घरांचा. पुस्तिकेचा आदेश असा, की पटावरची पाणी साठण्याची ठिकाणं किल्ले समजा, इमारती गावं समजा, बाकी भूप्रदेश दिसतो तसा.

म्हणजे पाणी पुसलं आणि तिथे किल्ला आला. नवशिक्याने इथे थोडं थांबावं. मूळ पटावर ते पाणी कशाला होतं? तहान लागते म्हणून. माणूस त्या घराकडे जायचा, कारण न जाऊन सांगतो कुणाला. उसना नकाशा घेताना आपण डोंगर घेतो, झाडी घेतो, नद्या घेतो आणि ही तहान तेवढी मूळ मालकाकडे ठेवून येतो. मग खेळाडू विचारतात, "आम्ही तिकडे का जायचं?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

पायरी दुसरी: षटकोन की चौकोन, यावर आठवडाभर वाद घाला

वाद संपेपर्यंत नकाशा काढावा लागत नाही, हा याचा मुख्य फायदा. तरी मुद्दे माहीत असावेत. चौकोनी घरात आडवं-उभं सरकलं तर एक घर, पण तिरपं सरकलं तर पायथागोरस मध्ये येतो: अंतर १.४१ पट. याचा निकाल लावायला खेळाच्या साडेतिनाव्या आवृत्तीने (होय, अशी आवृत्ती होती) पहिलं तिरपं घर पाच फुटांचं आणि दुसरं दहा फुटांचं धरायचा नियम ठेवला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पायथागोरसलाच घरी पाठवलं: तिरपं घरही एकच. परिणामी त्या आवृत्तीत जादूगाराचा आगीचा गोळा चौकोनी फुटतो. षटकोनाला ही भानगड नाही, त्याचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. म्हणून दिवसचे दिवस चालायचा प्रदेश षटकोनांत काढावा आणि हातघाईची जागा चौकोनांत. संपला वाद.

षटकोन केवढा, तर सहा मैलांचा धरा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज साधारण तीन मैलांवर असतं. म्हणजे षटकोनाच्या मध्यावर उभं राहिलं की कडेपर्यंत दिसतं आणि पलीकडचं दिसत नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी नेहमीच्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे चार षटकोन. दलदलीत, दाट झाडीत दोनच. हिशेब तोंडी होतो. खेळ रात्री साडेअकराला ऐन रंगात येतो, तेव्हा हा गुण मोठा.

पायरी तिसरी: नदी समुद्रातून डोंगरावर चढवा

नवशिक्याची नदी ओळखू येते. ती तळ्यातून दोन बाजूंनी निघते, मध्येच दुभंगते, डोंगराला वळसा घालायचा कंटाळा आला तर त्याच्यावरून जाते आणि शेवटी दोन समुद्रांना मिळते. खऱ्या नद्या एकमेकींना मिळत जातात. फाटे फुटतात ते सहसा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. तळ्याला बाहेर पडायची वाट बहुतेक एकच असते. आणि जवळच्या समुद्राशी नदीला काही देणंघेणं नसतं. महाबळेश्वरातून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर आहे, पण कृष्णा तिकडे पाठ करून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. उतार जिकडे, नदी तिकडे. टोल्किनच्या मॉर्डोरभोवतीचे डोंगर चक्क काटकोनात वळतात आणि त्याबद्दल भूगोलवाले अजून कुरकुरतात, हे खरं. पण आधी त्याच्याएवढं लिहा, मग काटकोन काढा.

पायरी चौथी: मधोमध मैदान ठेवा, कडेने झाडं लावा

ही पायरी सगळ्यांना आपोआप येते. चौकोन आखलेली हिरवी मॅट अंथरायची, कडेने डझनभर झाडं काढायची, एक खडक, जमल्यास पडलेला ओंडका. मध्ये मोकळी जागा, कारण मारामारी तिथे व्हायची आहे. खेळाडू एका कडेला, लांडगे दुसऱ्या कडेला. फासे पडतात, सगळे मध्यभागी येऊन एकमेकांना खेटून उभे राहतात आणि पुढचा दीड तास कोणीही जागचं हलत नाही. झाडांचा उपयोग एवढाच की चहाचा कप कुठे ठेवू नये ते कळतं. खोलीच ती, भिंतींना हिरवा रंग दिलेली.

चूक नेमकी कुठे होते, ते गणिताने पाहू. १९८१ च्या नियमपुस्तकांत एक जुना, शहाणा नियम आहे. तळघरात दोन टोळ्या समोरासमोर आल्या, तर त्यांच्यातलं अंतर काढायला सहा पैलूंचे दोन फासे टाका, बेरजेला दहाने गुणा, तितके फूट. रानात मात्र चार फासे टाका, दहाने गुणा आणि तितके यार्ड. म्हणजे कमीत कमी ४० यार्ड, जास्तीत जास्त २४०, सरासरी १४०.

आता मॅटवर या. एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, हा आजचा रिवाज. १४० यार्ड म्हणजे ४२० फूट, म्हणजे ८४ चौकोन, म्हणजे ८४ इंच, म्हणजे सात फूट. नेहमीची पुसता येणारी मॅट असते दोन-सव्वादोन फुटांची. फासे जोरात पडून २४० यार्ड आले तर बारा फूट लागतात. खेळाडू दिवाणखान्यातल्या टेबलावर आणि लांडगे स्वयंपाकघरात, ओट्याच्या आसपास. पाचव्या आवृत्तीत लांब धनुष्याचा पल्ला नेम धरून १५० फूट आणि ओढूनताणून ६०० फूट आहे. ज्या खेळाडूने कौतुकाने धनुर्धारी पात्र घेतलं, त्याला तुमच्या मॅटवर बाण मारायला जागाच नाही. त्याने मग कंटाळून मोबाइल काढला तर दोष त्याचा नाही.

सारांश, रानातली गाठभेट मॅटच्या बाहेर सुरू होते. नवशिका तिचा शेवटचा तुकडा काढतो आणि तोच पहिला समजून खेळतो. कोणाला कोण आधी दिसलं, वारा कुठून होता, आड घेत किती जवळ जाता आलं, की पाहताच काढता पाय घेतला, हे सगळं त्या सात फुटांत घडायचं होतं. म्हणून नकाशे दोन काढा. पहिला साध्या कागदावर, एका चौकोनाला तीस फूट धरून. त्यावर झाडं एकेकटी काढू नका, झाडीचे पट्टे काढा आणि प्रत्येकावर लिहा: इथून किती लांबचं दिसतं. ओढ्याच्या पात्रात ६० फूट. कारवीत हाताच्या अंतरावरचंही नाही. माळावर पार त्या टेकडीपर्यंत. दुसरा नकाशा म्हणजे तुमची लाडकी मॅट, ती माणसं एकमेकांपासून शंभरेक फुटांवर आली की अंथरायची. बऱ्याचदा ती गुंडाळलेलीच राहील. राहू द्या.

मॅटवर काय असावं याबद्दल माझं मत ठाम आहे: आड घ्यायला काहीतरी, चढायला काहीतरी आणि पळून जायला वाट. तिसरी गोष्ट नवशिके हमखास विसरतात. वाट नसली की शेवटचा लांडगा मरेपर्यंत लढत बसतो, जे कुठलाही लांडगा करणार नाही.

पायरी पाचवी: फासे टाकून प्राणी सोडा

जुन्या पद्धतीत दिवसातून एकदा सहा पैलूंचा फासा टाकून ठरवत, आज कोणी भेटतं का. मोकळ्या माळावर सहांत एकदा, जंगलात दोनदा, दलदलीत तीनदा. मग कोण भेटलं याचा तक्ता. हा तक्ता करताना वीस पैलूंचा एकच फासा घेतलात तर ससा आणि ड्रॅगन यांची शक्यता सारखीच, २० पैकी एक. सहा पैलूंचे दोन फासे घ्या. मग ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६ वेळा आणि १२ ची फक्त एकदा. सातावर रोजचं काहीतरी ठेवा, बारावर ड्रॅगन.

किती भेटतात, हा वेगळा विनोद आहे. १९७४ च्या पुस्तिकांत रानात भेटणाऱ्या ऑर्क नावाच्या राक्षसांची संख्या दिली आहे: ३० ते ३००. चार नवखी पात्रं, एक गाढव आणि समोर तीनशे ऑर्क. आजचे डीएम हे वाचून हसतात आणि मग प्रत्येक गाठभेट खेळाडूंना झेपेल अशी मापात बेतून ठेवतात. माझा कल जुन्या बाजूला आहे. तीनशे ऑर्कांशी लढायचं कोणी सांगितलं? १४० यार्डांवरून त्यांचा धुरळा दिसला की टेकडीआड पडून राहायचं, मोजायचे, कुठे चाललेत ते पाहायचं आणि गावात जाऊन सांगायचं. १९८१ च्या त्या जुन्या नियमांत समोरच्याचा मूड ठरवायलाही दोन फासे होते. न बोलता न विचारता तडक हल्ला होत असे तो दोन एकं पडल्यावर, म्हणजे ३६ पैकी एकदा. बाकी वेळा गुरकावणं, घुटमळणं, बोलणी करणं, क्वचित गळ्यात पडणंसुद्धा. ही सोय नवशिके वापरत नाहीत. त्यांच्या रानात प्रत्येक प्राणी खेळाडूंची वाट बघत उपाशी बसलेला असतो.

तेव्हा तक्त्याला एक रकाना जोडा: तो प्राणी तिथे काय करतोय. पाणी पितोय, पिल्लू शोधतोय, आधीच मारलेल्या सांबराशेजारी बसलाय. आणि आणखी एक रकाना: तो दिसायच्या आधी काय कळतं. ताडोबाच्या जिप्सीत बसलेल्या कोणालाही विचारा, सफारीतला निम्मा वेळ वाघ पाहण्यात जात नाही, इतर प्राण्यांचे इशाऱ्याचे कॉल ऐकण्यात जातो. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरतं, सांबर ओरडतं, गाईड हात वर करतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सगळे एका दिशेला बघत बसतात. वाघ पुष्कळदा येतच नाही, पण त्या दहा मिनिटांत गाडीत कोणी मोबाइल पाहत नाही. तुमच्या टेबलावर ही दहा मिनिटं आणायला मॅट लागत नाही, मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्या, लागत नाहीत. एक वानर पुरतं.

पायरी सहावी: नावं ठेवा

'मृत्यूदरी' ठेवलंत तर खेळाडू सगळी कामं सोडून तिकडे जातील. 'सदूचा माळ' ठेवलंत तर सदू कोण ते विचारतील. दुसरं परवडतं.

पायरी सातवी: गाठ कुठेही घाला

नवशिका नकाशावर फुल्या मारतो: इथे लांडगे, इथे दरोडेखोर, इथे अस्वल. का इथे? जागा मोकळी होती म्हणून. पण भर उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे प्राणीगणनेसाठी माणसं मचाणावर बसतात, ती अख्ख्या जंगलात कुठेही बसत नाहीत, पाणवठ्यावर बसतात. त्या दिवसांत प्रत्येकाला तिथे यावंच लागतं. नकाशावर आधी अशा जागा शोधा, जिथे यावाचून इलाज नाही: पाणी, नदी ओलांडायचा उतार, खिंड, वादळात सापडणारी एकमेव गुहा. दोघांची नड एका ठिकाणी आली की गाठ पडते. फुली तिथे मारा.

याचा आपल्या मुलखातला सगळ्यात नेटका नमुना उंबरखिंडीचा. साल १६६१. पुण्यात बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला फौज देऊन कोकणात पाठवलं. घाटावरून कोकणात उतरायचं तर घाटवाट हवीच. खान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने उतरला आणि खिंडीत शिरला. दोन्ही बाजूंना दाट रान, रानात मावळे, पुढचं तोंड शिवाजी महाराजांनी स्वतः अडवलेलं, मागे फिरायची सोय नाही. फौज किती मोठी आहे याला तिथे अर्थ उरला नाही, कारण खिंडीत एका वेळी थोडेच जण लढू शकतात. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आला आहे. खान शरण आला आणि सामानसुमान टाकून जीव घेऊन गेला.

डीएमच्या नजरेने हे पुन्हा वाचा. जागा अशी की यावंच लागलं. एका बाजूला दुसरी आधी दिसली, दुसरीला पहिली दिसलीच नाही. झाडी शोभेची नव्हती, तिच्यात माणसं होती. आणि मुख्य म्हणजे लढाई शेवटच्या शिपायापर्यंत चालली नाही, बोलणी होऊन सुटली. यातलं काहीही हिरव्या रंगाने दाखवता येत नाही. चार रेघांत मात्र दाखवता येतं.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर इंकार्नेट, वंडरड्राफ्ट वगैरे सॉफ्टवेअरबद्दल एवढंच: नकाशे देखणे होतात. शेवाळाच्या छटा निवडता निवडता पहाटेचे तीन वाजतात. दुसऱ्या दिवशी खेळाडू त्या शेवाळावरून एका वाक्यात पुढे जातात.

आता राहिला खेळाडूंना द्यायचा नकाशा. तुमचा नकाशा त्यांना दाखवू नका, वेगळा द्या आणि बराचसा कोरा द्या. डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डवे यांचं १९८१ चं 'आयल ऑफ ड्रेड' हे साहस मिळालं तर चाळा. डीएमसाठी बेटाचा पुरा नकाशा आहे. खेळाडूंच्या हाती मिळतो तो कोण्या जुन्या दर्यावर्दीने काढलेला: किनारा आहे, आतला मुलूख कोरा. बेटावर उतरल्यावर पहिला प्रश्न डीएमला पडत नाही, खेळाडूंना पडतो. ते पेन्सिल घेतात, वाद घालतात आणि आपला आपण नकाशा भरू लागतात. त्यांनी नदी डोंगरावर चढवली तर चढवू द्या, चालून बघितल्यावर कळेल.

एवढं करून शनिवारी ते नकाशाबाहेर जाणारच आहेत. तेव्हा कडेच्या षटकोनांपलीकडे आणखी दोन ओळी आखून ठेवा, त्यात एखादा पाणवठा टाका आणि काढलेलं सगळं पेन्सिलीने असू द्या. चिवडा जास्त आणा.